परत आलेली खाट

धर्मराज नाखवा पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याने आपलं नाव राजू असं सांगितलं. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन होऊन घरी आल्या, तर दिवाणावर त्यांना धड बसताही येईना. डोक्याकडची बाजू वर होणारी हॉस्पिटलची खाट हवी होती, आणि माझ्या नवऱ्याने, अविनाशने, कुणाकडून तरी याचा नंबर मिळवला होता. दुपारी टेम्पो आला. होड्यांना देतात तसल्या झगझगीत निळ्या रंगाने रंगवलेली खाट, आणि ती उतरवणारा पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा माणूस. सासूबाईंनी दिवाणावरूनच त्याला नाव विचारलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे, आणि मग राजू म्हणाला. स्वतःचं नाव सांगायला कुणाला एवढा विचार करावा लागतो? सासूबाईंनी मान तिरकी केली. त्यांची मान तिरकी झाली की गोष्ट मनात जाऊन बसली असं आमच्या घरात समजतात.

नावाचं कारण मला पुढे कळलं. खाटा द्यायला लागला तेव्हा सुरुवातीला तो खरं नाव सांगायचा. खारघरच्या एका टॉवरमध्ये खाट घेऊन गेला, तर गेटवरच्या वॉचमनने इंटरकॉम लावला आणि सांगितलं, ‘साब, धर्मराज आया है, ऊपर भेजूं क्या?’ फोन नेमका आजारी आजोबांनीच उचललेला. धर्मराज म्हटलं की पांडवांतला थोरला आठवणारे थोडे, रेड्यावरून येणारा आठवणारे जास्त. आजोबांनी फोन ठेवला आणि खाट नको म्हणून जो हट्ट धरला तो धरलाच. त्या दिवसापासून हा राजू झाला.

हे नाव त्याच्या आईने, गुणाबाईने, मुद्दाम ठेवलेलं. तिची आधीची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. हा झाला तेव्हा शेजारपाजारच्या बायांनी सांगितलं, दगडू ठेव, धोंडू ठेव, म्हणजे वाईट नजर पडणार नाही. गुणाबाई उरणकडची कोळीण, पनवेलच्या बाजारात मासळी विकून घर चालवणारी. गिऱ्हाईकाला कसं पटवायचं ते तिला कुणी शिकवायला नको. ती म्हणाली, दगडधोंड्याने काय होणार, मी त्याचंच नाव ठेवते. आपल्याच नावाच्या पोराला न्यायला तो लाजेल. पोरगं जगलं. तेव्हा लेकाने राजू म्हणवून घेणं तिला किती झोंबत असेल ते सांगायला नको.

धर्मराजच्या बापाची होडी होती आणि त्याचा स्वतःचा हात इंजिनावर बसलेला. खाडीत मासळी उरली नाही तशी होडी विकली आणि तो पनवेलच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात मेंटेनन्सला लागला. तिथे त्याने कंडम हा शब्द पहिल्यांदा ऐकला. खाटेचा रंग उडाला, कंडम. व्हीलचेअरचं एक चाक अडखळलं, कंडम. सलाइनचा स्टँड वाकला, तोही कंडम. नव्या मजल्यावर नवीन सामान यायचं ठरलं की जुनं चांगलं चालणारंसुद्धा एका रात्रीत कंडम होतं, हे बघून त्याचं डोकं फिरायचं. होडीवर वाढलेल्या माणसाला खिळासुद्धा फेकवत नाही. मागच्या अंगणात खाटांचा ढीग पडायचा आणि भंगारवाला त्या तोडून वजनावर न्यायचा. त्याच वेळी पुढच्या दाराने लोक पेशंटला घरी नेताना विचारत असायचे, की आता घरी खाट कुठून आणायची? पुढचं दार आणि मागचं अंगण यांची गाठ घालायला माणूस लागत होता, एवढंच. त्याने मोठ्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी रीतसर परवानगी दिली, आणि खाडीच्या बाजूला बर्फ ठेवायची एक जुनी शेड बंद पडली होती ती याने मागून घेतली.

त्याचा एक नियम होता. अंगाखालचं चालेल, अंगात जाणारं नको. खाट, खुर्ची, वॉकर, कमोड, स्टँड हे सगळं तो घ्यायचा. नळ्या, सुया, मास्क, हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशव्यांतून जाणारी कुठलीही वस्तू, कितीही कोरी दिसली तरी, तिला हात लावायचा नाही. एकदा एकाने गयावया करून वापरलेली नळी मागितली होती, उकळून घेतो म्हणाला. धर्मराज त्याला घेऊन औषधाच्या दुकानात गेला आणि नवी घेऊन दिली.

शेडमध्ये आलेली खाट तो ब्लीचिंगच्या पाण्याने धुवायचा, उन्हात टाकायचा, गंज घासायचा, चाकांना ग्रीस भरायचा आणि होडीचा उरलेला रंग द्यायचा, आणि मग लागेल त्याला परतबोलीवर न्यायला द्यायचा. कमोडच्या खुर्चीची फाटलेली पाठ त्याची बायको विनिता जाळ्याच्या नायलॉनने विणून द्यायची. अशी विणलेली पाठ फाटत नाही, आणि घाम धरत नाही. मी बसून पाहिलंय.

एवढं सगळं केलं तरी खाट न्यायला आलेला माणूस एक प्रश्न विचारतोच. आधी गादीवर हात फिरवतो, चाक बघतो, मग आवाज खाली आणून म्हणतो, यावरचा माणूस बरा झाला ना? धर्मराज त्यावर एकच शब्द बोलायचा. ‘सुटला.’

आता मराठीत हा शब्द असा आहे, की हॉस्पिटलातून घरी गेला तोही सुटला आणि जगातून गेला तोही सुटला. विचारणाऱ्याला जे ऐकायचं असतं ते तो ऐकतो. आमच्या दारात अविनाशनेही विचारलं होतं, आणि सुटला म्हटल्यावर मी मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाचं अभिनंदनही केलं होतं.

सासूबाई मात्र खरोखर सुटल्या. खाटेच्या पायाकडच्या दांडीला त्यांनी आपल्या जुन्या जांभळ्या लुगड्याची पट्टी बांधून घेतली होती. ती धरून स्वतःला ओढत उठायच्या. कुणी हात दिला की ओरडायच्या. हळूहळू उभ्या राहिल्या, वॉकर आला, मग काठी आली. खाट परत द्यायची वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, मी स्वतः पोचवायला जाणार, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून शेडपर्यंत गेल्या. मी मागे खाटेबरोबर. धर्मराज बाहेर येऊन नुसता बघत राहिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, वहिनी, खाटेवर झोपलेलं माणूस खाट परत घेऊन चालत आलं, असं मी पयल्यांदाच बघतोय.

मला खरं वाटेना. एवढ्या खाटा देतो आणि कुणी बरं होत नाही? तसं नव्हतं. लोक बरे होत होते, पण बऱ्या झालेल्याची खाट परत येत नव्हती. गरज सरो, वैद्य मरो. बरा झालेला माणूस खाट गच्चीवर टाकतो, तिच्यावर पापड वाळतात, पाहुणे झोपतात, आणि फोन केला की कुणी उचलत नाही. गेलेल्याची खाट मात्र तेराव्याच्या आत शेडच्या दारात येते, कारण ती घरात कुणाला नको असते. म्हणजे शेडमध्ये परत आलेली खाट बहुतेक त्यातलीच. सासूबाईंची जांभळ्या पट्टीची तेवढी निराळी.

आणि मग गुणाबाईला लकवा झाला. डावी बाजू लुळी पडली. जिभेला काही झालं नाही, हे तिच्या घरच्यांचं नशीब म्हणायचं की नाही ते त्यांनाच विचारावं. अंगाने भरलेली बाई, गोधडीवर जमिनीला पडून राहिली. विनिता एकटी तिला कुशीवर वळवायला पुरी पडेना, आणि थोड्याच दिवसांत पाठीला जखमा झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, वर-खाली होणारी खाट आणि हवेची गादी लावा, नाहीतर या जखमा हाडापर्यंत जातील आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. धर्मराजने त्याच दिवशी खाट आणली. गुणाबाईने ती दारातूनच परत पाठवली.

साऱ्या पनवेलला खाटा देणारा माणूस, आणि त्याची आई जमिनीवर. त्याने समजावलं, विनिता रडली, डॉक्टर येऊन बोलून गेले. म्हातारी म्हणायची, परत आलेली खाट म्हणजे मेलेल्याची खाट. धर्मराज सवयीने म्हणाला, नाय आय, सगली सुटली. त्यावर ती जे बोलली ते मला सांगताना त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. ‘बर्फातली पापलेट मी जलमभर आजचीच हाय म्हनून इकली. आज म्हंजे आज बर्फातनं काढलेली. तुजं सुटला तसलंच. ह्यो धंदा तू माज्यापासून शिकलास, मलाच नको इकू.’

शेवटी तिने अट घातली. जिच्यावरचा माणूस उठून चालला ती खाट आण, आणि तसं सांगणारं परकं माणूस आण, तुझ्यावर माझा भरवसा नाही. अशी खाट एकच होती आणि परकं माणूस म्हणजे मी. धर्मराज मला न्यायला आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. गॅस बंद करून तशीच निघाले.

अडचण अशी होती की जांभळ्या पट्टीची खाट शेडमध्ये नव्हती. ती नेऱ्याच्या पलीकडे, डोंगराखालच्या वाडीत, शुक्रा नावाच्या माणसाकडे गेली होती. शुक्रा बांधकामावर मजुरी करताना पडला, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली होती. धर्मराजने टेम्पोत दुसरी खाट टाकून घेतली होती. वाटेत मला सांगितलं, ही देऊ आणि ती आणू. तिचं चाक बदलायचं हाय म्हणून सांगू. खोटंच होतं ते, पण त्याची आई कुजत होती, आणि त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

वाडीत शुक्रा पट्टी धरून बसलेला होता. जांभळं लुगडं विरलं होतं म्हणून त्याच्या बायकोने, बुधीने, त्यावर आपल्या पातळाची हिरवी पट्टी गुंडाळली होती. आम्हाला बघून शुक्राने उठून दाखवलं. पट्टी ओढली, कमरेतून वर आला, क्षणभर उभा राहिला आणि दात दाखवून परत बसला. धर्मराजने चाकाचं सांगितलं. बुधी बरं म्हणाली आणि आणलेली खाट बघायला टेम्पोपाशी गेली. गादीवर हात फिरवला. मग तिनेही तेच विचारलं.

“याच्यावरचा मानूस?”

धर्मराजने तोंड उघडलं. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द ऐकायची वाट बघत होते, आणि तो येत नव्हता.

“मेला,” धर्मराज म्हणाला. आणि मग सगळंच सांगून टाकलं. चाकाला काही झालेलं नाही, त्याची आय जमिनीवर आहे, तिला उठलेल्या माणसाची खाट हवी आहे.

बुधीने आधी शुक्राकडे पाहिलं, मग खाटेकडे. चिडली नाही. म्हणाली, आयसाठी हाय तर न्या. याला मी खाली झोपवीन. मेलेल्याच्या खाटेवर नाय घालनार.

ती असं म्हणून आत गेली आणि खाटेवरची चादर काढायला लागली. शुक्रा पट्टी सोडून बाजूला सरकला. तेव्हा धर्मराज पुढे झाला, तिच्या हातातली चादर घेऊन परत अंथरली, पट्टीची गाठ ओढून घट्ट केली आणि बाहेर येऊन टेम्पोत बसला. मी पण बसले. त्याने ड्रायव्हरला घरी घे म्हणून सांगितलं.

घरी खाट आत आली तशी गुणाबाईने मान वळवली. खाट बघितली, मला बघितलं. मी तोंड उघडायच्या आत धर्मराज तिच्या उशाशी खाली बसला.

“आय, ही ती नाय. तिच्यावर एक मानूस उठायला लागलाय, त्याच्याखालून काढवली नाय. हिच्यावरचा मेला.”

“कोन व्हता?”

“कोनचाच व्हता.”

“मी इचारते कोन, तू बोलतंस कोनचा.”

“कोन नावाच्या गावचा, आय. सुभाष. ट्रक चालवायचा.”

गुणाबाईने ते ऐकून घेतलं. त्रास झाला का त्याला, विचारलं. धर्मराज म्हणाला, नाही, झोपेत गेला, बायको बाजूला होती. मग तिने विचारलं, माणूस कसा होता? बरा होता, तो म्हणाला. खाट नेली तेव्हा मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नव्हतं. म्हातारी थोडा वेळ खाटेकडे बघत राहिली. बाजारात एखाद्या नव्या कोळणीने शेजारी पाटी मांडायला यावं आणि हिने तिला नखशिखान्त जोखावं, तशी.

“मंग ठेव हितं,” ती म्हणाली. “न त्या सुभाषला सांग, जरा सरक. माजं आंग मोठं हाय.”

विनिता हसली. मग मी हसले. धर्मराजला हसता आलं नाही. त्याने आईला उचललं, खाटेवर ठेवलं आणि तोंड धुवायला म्हणून मागच्या दाराने बाहेर गेला, तो बराच वेळ आला नाही. माझ्या सख्ख्या वडिलांच्या वेळी मी आतून जेवढी हलले नव्हते तेवढी त्या परक्या घरात हलले, हे मला कबूल करायला लाज वाटत नाही. तो परत आल्यावर गुणाबाईने आणखी एक ऐकवलं. म्हणाली, आज खरं बोललास तसं नाव पण खरं सांगत जा. मी चांगलं नाव ठेवलंय.

जखमा भरल्या. चालणं काही परत आलं नाही. गुणाबाई त्या खाटेवरून साऱ्या आळीचा कारभार बघायची, मासळी बघायला ताटलीत मागून घ्यायची आणि सुनेला फसवल्याबद्दल विकणारीला निरोप पाठवायची. नारळी पौर्णिमा तिने खिडकीतून पाहिली. त्यानंतर थोड्या दिवसांनी गेली.

तेरावं झाल्यावर मी भेटायला गेले, तर खाट शेडसमोर उन्हात होती. तेच ब्लीचिंगचं पाणी, तोच ब्रश. मी म्हटलं, ही तरी ठेवून घ्यायची होती. तो म्हणाला, खाट ठेवून काय करू, वहिनी? लोकांना लागते.

तेव्हापासून तो कुणाला सुटला म्हणत नाही. विचारलं की सांगतो, यावर सुभाष गेला, मग माझी आई गेली. त्याच्या आधीचे हॉस्पिटलातले मला माहीत नाहीत. नाव विचारलं तर धर्मराज सांगतो. काही लोक परत जातात. त्यातले काही दोन दिवसांनी पुन्हा येतात, कारण पेशंटची पाठ शुभअशुभ बघत बसत नाही.

यंदा सासूबाई पुन्हा अंथरुणाला खिळल्या. मोडलं काही नाही, वय झालं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं, आणि आत गेल्यावर सासूबाईंनी आमच्या तोंडांकडे बघून ते ओळखलं. मी धर्मराजला फोन करून जांभळ्या पट्टीची खाट मागितली. ती परत आलेलीच नव्हती. शुक्रा आता काठीशिवाय चालतो, आणि त्याच्या खाटेवर बुधी पावसाळ्यात भाताची पोती ठेवते. हे सांगताना धर्मराजचा आवाज खुशीत होता. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग गुणाबाईची आण. परक्या खाटेपेक्षा ओळखीची बरी.” मी त्यांना ती गोष्ट कितीदा सांगितली होती मला आठवत नाही, पण त्यांना सगळी पाठ होती.

दुपारी टेम्पो आला. धर्मराजने खाट लावली, डोक्याकडची बाजू वर करून बघितली, चाकं अडकवली. सासूबाई दिवाणावरून बघत होत्या. मान तिरकी.

“नाव काय रे तुझं? मागच्या खेपेला राजू म्हणाला होतास.”

“धर्मराज, आजी.”

“मग तेव्हाच सांगायचं. त्या नावाने येणाऱ्याने लपूनछपून येऊ नये.” आणि त्यांनी उचलून घे म्हणून त्याच्याकडे दोन्ही हात केले.

त्या अजून त्या खाटेवर आहेत. दिवसातून तीन-चारदा आम्ही त्यांना कुशीवर वळवतो. अविनाश पायाकडे, मी खांद्याकडे. वळण्याआधी त्या आम्हाला हाताने थांबवतात, भिंतीकडच्या बाजूला तोंड करतात आणि म्हणतात, “गुणाबाई, सरका जरा.”